दोन्ही हातांत हत्यार : अ‍ॅडमिरल बेन मोरील

वाचण्यापूर्वी

मराठीत ‘हत्यार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सैनिकाची तलवार किंवा बंदूक म्हणजे हत्यार. पण सुताराची करवत, रंधा, पटाशी, हातोडा यांनाही आपण हत्यारंच म्हणतो. आजच्या पाठातल्या माणसाने हे दोन अर्थ खरोखरच एकत्र आणले. त्याने सुतार, गवंडी, वेल्डर आणि प्लंबर यांना नौसैनिक केलं. हे त्याने का केलं? त्याआधी काय घडलं होतं? वाचताना हे दोन प्रश्न मनात ठेवा.

१. गोदी बांधणारा माणूस

बेन मोरील यांचा जन्म १४ सप्टेंबर १८९२ रोजी अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी या शहरात झाला. नंतर त्यांचं कुटुंब सेंट लुईसला राहायला गेलं. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातून १९१३ साली ते सिव्हिल इंजिनिअर झाले आणि सेंट लुईस शहराच्या नोकरीत लागले.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मोरील नौदलात भरती झाले, पण जहाज चालवायला नाही. नौदलाला बंदरं लागतात, धक्के लागतात, गोदामं लागतात, तेलाच्या टाक्या लागतात. हे सगळं बांधणारी इंजिनिअर अधिकाऱ्यांची एक वेगळी शाखा नौदलात असते. मोरील त्या शाखेत गेले.

युद्धाच्या काळात त्यांची नेमणूक अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर झाली. तिथे त्यांचं काम एका माणसाच्या नजरेत भरलं. तेव्हा हा माणूस नौदल खात्याचा उपमंत्री होता. त्याचं नाव फ्रँकलिन रूझवेल्ट. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे हाच माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होणार आहे.

युद्धानंतर मोरील काही वर्षं हैतीमध्ये बांधकामाच्या कामावर होते. काँक्रीट हा त्यांचा खास विषय. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना ते पुन्हा विद्यार्थी होऊन पॅरिसच्या प्रसिद्ध इंजिनिअरिंग शाळेत शिकायला गेले.

डिसेंबर १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांना नौदलाच्या बांधकाम विभागाचं प्रमुख केलं. मोरील तेव्हा कमांडर होते. मधली एक पायरी ओलांडून ते एकदम रिअर अ‍ॅडमिरल झाले. त्यांच्याहून जुने अधिकारी मागे राहिले. साहजिकच त्यांच्याकडे सगळ्यांचं बारीक लक्ष होतं.

मोरील यांनी हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या तळावर दोन मोठ्या सुक्या गोद्या बांधायचा आग्रह धरला. सुकी गोदी म्हणजे काय? जहाज आत घ्यायचं, दरवाजे बंद करायचे, पाणी उपसून टाकायचं आणि जहाजाचा तळ कोरडा करून दुरुस्ती करायची. 

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा यातली एक नवी गोदी पूर्ण व्हायची होती. पण काही दिवसांतच ती वापरायला घेतली. त्या सकाळी पर्ल हार्बरमध्ये आठ युद्धनौका होत्या. त्यातल्या सहा दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात गेल्या. त्या कामात या गोद्यांचा मोठा हात होता.

थांबा आणि विचार करा : युद्धात बंदूक चालवणाऱ्यांची नावं आपल्याला आठवतात. गोदी बांधणाऱ्याचं नाव का आठवत नाही?

२. वेक बेटावर काय झालं?

आता नकाशा उघडा. हवाईच्या पश्चिमेला सुमारे ३,७०० किलोमीटरवर एक छोटासा ठिपका दिसेल. ते वेक बेट. मोरील यांच्या विभागाने तिथे विमानतळ आणि नौदलाचा तळ बांधायचं काम खाजगी ठेकेदारांना दिलं होतं. त्या ठेकेदारांचे अकराशेपेक्षा जास्त कामगार बेटावर राहत होते. बेटाचं रक्षण करायला जेमतेम साडेचारशे मरीन सैनिक होते.

पर्ल हार्बरनंतर काही तासांतच जपानी विमानांनी वेकवर बॉम्ब टाकले. मरीन सैनिक दोन आठवडे लढले. बरेच कामगारही त्यांच्या मदतीला धावले. कोणी वाळूच्या गोणी भरल्या, कोणी दारूगोळा वाहिला, कोणी तोफेपाशी उभं राहिलं. पण त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता. युद्धाच्या नियमांप्रमाणे गणवेशातला सैनिक शत्रूच्या हाती लागला, तर तो युद्धकैदी असतो. त्याला मारता येत नाही. साध्या कपड्यांतल्या माणसाने हत्यार उचललं, तर त्याला मात्र हे संरक्षण मिळेलच असं नाही. शत्रू त्याला गुन्हेगार समजून गोळी घालू शकतो.

२३ डिसेंबर १९४१ रोजी वेक पडलं. सैनिक आणि कामगार दोघेही कैद झाले. बहुतेकांना पुढे चीन आणि जपानमधल्या छावण्यांत नेलं. पण ९८ कामगारांना काम करून घेण्यासाठी बेटावरच ठेवलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानी अधिकाऱ्याच्या हुकमाने त्या ९८ जणांना ठार मारण्यात आलं.

हे कामगार लढायला गेले नव्हते. ते विमानतळ बांधायला गेले होते.

३. पाच दिवसांनी

बांधकाम करणारी माणसं नौदलातच असावीत, हा विचार मोरील युद्धाच्या आधीपासून करत होते. वेक पडल्यावर आता थांबायला वेळ नव्हता. पाचच दिवसांनी, २८ डिसेंबर १९४१ रोजी त्यांनी वरिष्ठांकडे परवानगी मागितली. मागणी साधी होती : बांधकामातल्या कारागिरांची नौदलात भरती करायची, त्यांना गणवेश द्यायचा आणि लढायचं शिक्षणही द्यायचं. म्हणजे बेटावर हल्ला झालाच, तर त्यांना स्वतःचं आणि आपण बांधलेल्या कामाचं रक्षण करता येईल. ५ जानेवारी १९४२ रोजी परवानगी मिळाली.

या तुकड्यांना इंग्रजीत ‘कन्स्ट्रक्शन बटॅलियन’ म्हणत. त्याची आद्याक्षरं सी आणि बी. ‘सी-बी’ पटकन म्हणून बघा. इंग्रजीत समुद्रालाही ‘सी’ म्हणतात आणि मधमाशीला ‘बी’. म्हणून हे लोक झाले सीबीज, समुद्रावरच्या मधमाश्या! ५ मार्च १९४२ रोजी हे नाव अधिकृत झालं. त्यांच्या चिन्हात उडणारी, चिडलेली मधमाशी आहे. तिच्या पुढच्या पायांत बंदूक आहे आणि इतर पायांत पाना आणि हातोडा. त्यांच्या ब्रीदवाक्यातही बांधणं आणि लढणं ही दोनच क्रियापदं आहेत.

पण एक अडचण होती. या तुकड्यांना हुकूम कोण देणार? जुन्या नियमानुसार नौसैनिकांवर फक्त जहाजावरचे लढाऊ अधिकारीच हुकूम चालवू शकत. इंजिनिअर अधिकाऱ्यांना तो हक्क नव्हता. मोरील यांचं म्हणणं असं, की ज्याला बांधकाम कळतं, त्यानेच बांधणाऱ्यांचं नेतृत्व करायला हवं. नौदलातल्या अनेकांना हे पटलं नाही. मोरील थेट नौदलमंत्र्यांकडे गेले. १९ मार्च १९४२ रोजी निर्णय त्यांच्या बाजूने लागला.

४. पांढऱ्या केसांचे रंगरूट

भरती सुरू झाली आणि कोण कोण आलं बघा! बोल्डर धरणावर काम केलेले लोक, न्यूयॉर्कच्या उंच इमारती उभ्या करणारे लोक, जमिनीखाली रेल्वेचे बोगदे खणणारे, खाणीत राबलेले. सुरुवातीच्या सीबीजचं सरासरी वय ३७ होतं. वयाची मर्यादा ५० वर्षांची होती, तरी साठी ओलांडलेले काही पठ्ठे आत शिरलेच!

इतर सैन्यात नवा माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर सुरू होतो. इथे तसं नव्हतं. माणसाच्या हातात किती वर्षांची कला आहे, ते पाहून त्याला हुद्दा आणि पगार मिळे. वीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाला कालच्या पोराबरोबर रांगेत उभं केलं नाही. त्याच्या कामाची किंमत केली.

एका बटालियनमध्ये सुमारे अकराशे माणसं असत. बांधकामाच्या जवळजवळ साठ व्यवसायांतले कारागीर, शिवाय स्वतःचे डॉक्टर, दंतवैद्य आणि स्वयंपाकी. म्हणजे चालतंबोलतं गावच. तीन आठवडे कवायत आणि बंदूक, मग आणखी काही आठवडे कामाचा सराव, आणि मग थेट बोट.

५. बेटामागून बेट

पहिली तुकडी तर पूर्ण बटालियनही नव्हती. सुमारे तीनशे माणसं १७ फेब्रुवारी १९४२ रोजी दक्षिण पॅसिफिकमधल्या बोराबोरा बेटावर उतरली. त्यांनी तिथे तेलाच्या मोठ्या टाक्या बांधल्या. अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या जहाजांना आता वाटेत तेल मिळू लागलं.

सप्टेंबर १९४२ मध्ये सहावी बटालियन ग्वाडलकनाल बेटावर पोचली. तिथे लढाई चालूच होती. काम एकच : हेंडरसन फील्ड नावाची धावपट्टी चालू ठेवायची. रोज बॉम्ब पडत आणि धावपट्टीत मोठे खड्डे होत. खड्डा राहिला, तर आपली विमानं उतरणार कुठे? म्हणून सीबीजनी एक युक्ती केली. एक खड्डा भरायला नेमकी किती माती लागते, ते मोजून तेवढी माती भरलेले ट्रक धावपट्टीच्या कडेला तयार ठेवले. बॉम्ब पडला, की ट्रक निघाले! पाचशे पौंडांच्या बॉम्बचा खड्डा शंभर माणसं चाळीस मिनिटांत भरून काढत. १३ आणि १४ ऑक्टोबरला चोवीस तासांत त्या पट्टीवर ५३ बॉम्ब आणि तोफगोळे पडले. तरी पट्टी पुन्हा उभी राहिली.

याच बटालियनमध्ये लॉरेन्स मेयर नावाचा एक तरुण होता. त्याने टाकून दिलेली मशीनगन रिकाम्या वेळात दुरुस्त केली आणि तिने एक जपानी विमान पाडलं. तेरा दिवसांनी पेट्रोलच्या बोटीवर काम करताना गोळा लागून तो मारला गेला. शौर्यपदक मिळवणारा तो पहिला सीबी. त्याच्या छोट्याशा गोष्टीत बांधणं, लढणं आणि मरणं तिन्ही आहेत.

मोरील यांच्या विभागात कल्पनाही निघत. जॉन लेकॉक नावाच्या अधिकाऱ्याने सिगारची रिकामी खोकी एकमेकांना जोडून एक नमुना बनवला. त्यातून लोखंडी तरंगत्या पेट्या तयार झाल्या. पेट्या जोडल्या की पूल, धक्का किंवा तराफा, जे हवं ते बनवता येई. १९४३ मध्ये सिसिलीच्या उथळ किनाऱ्यावर आणि १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर याच पेट्यांवरून रणगाडे आणि ट्रक उतरले.

युद्ध संपेपर्यंत सुमारे सव्वातीन लाख माणसं सीबीज म्हणून काम करून गेली. त्यांनी सहा खंडांवर आणि तीनशेपेक्षा जास्त बेटांवर बांधकाम केलं. एकट्या पॅसिफिकमध्ये १११ मोठ्या धावपट्ट्या, ४४१ धक्के, ७०,००० रुग्णांसाठी रुग्णालयं आणि १५ लाख माणसांसाठी निवारा. आणि मोरील? त्यांच्या हाताखालचा विभाग आता जगभर पसरला होता.

६. दोन अवघड पानं

इथे गोष्ट संपवली असती, तर ती गोड झाली असती. पण अजून दोन गोष्टी तुम्हाला कळायला हव्यात.

पहिली गोष्ट. त्या काळी अमेरिकेच्या नौदलात काळ्या आणि गोऱ्या माणसांना वेगळं ठेवत. ३४व्या बटालियनमधले सैनिक काळे होते आणि वरचे अधिकारी गोरे. पॅसिफिकमध्ये राबून आल्यावरही या सैनिकांना बढती मिळत नव्हती. मार्च १९४५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पोर्ट वायनीमी या तळावर त्यातल्या सुमारे हजार जणांनी दोन दिवस उपोषण केलं. त्यांनी काम सोडलं नाही, फक्त अन्न सोडलं. पुढे त्यांचा कमांडर बदलण्यात आला. कामाची किंमत कलेवर करायची, हा नियम चांगला होता. पण तो सगळ्यांना सारखा लागू नव्हता. तो लागू व्हावा म्हणून त्या माणसांना उपाशी राहावं लागलं.

दुसरी गोष्ट टिनियन बेटाची. १९४४-४५ मध्ये सीबीजनी तिथे प्रवाळाचा खडक फोडून, दाबून सहा प्रचंड धावपट्ट्या बांधल्या. प्रत्येक पट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांब. इंजिनिअरिंग म्हणून काम अफाट होतं. ६ ऑगस्ट १९४५ च्या पहाटे त्यातल्या एका पट्टीवरून उडालेल्या विमानाने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. तीन दिवसांनी नागासाकीवर बॉम्ब टाकणारं विमानही टिनियनवरूनच उडालं.

धावपट्टी बांधणाऱ्याला तिच्यावरून काय उडणार, हे माहीत असतंच असं नाही. पण धावपट्टी तिथे असते, आणि ती कोणीतरी बांधलेली असते.

थांबा आणि विचार करा : आपण चांगलं काम केलं, पण त्याचा उपयोग कशासाठी होणार हे आपल्या हातात नसेल, तर आपली जबाबदारी कुठपर्यंत?

७. नंतर

जून १९४६ मध्ये बेन मोरील पूर्ण अ‍ॅडमिरल झाले. चार ताऱ्यांचा हा हुद्दा तोपर्यंत फक्त लढाऊ शाखेतल्या अधिकाऱ्यांनाच मिळत असे. बांधकाम करणाऱ्या शाखेतला माणूस तिथे पहिल्यांदाच पोचला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. पुढे अनेक वर्षं त्यांनी पिट्सबर्गच्या एका मोठ्या पोलाद कंपनीचं प्रमुखपद सांभाळलं. गंमत म्हणजे, ज्यांनी सरकारी पैशाने अर्धं जग बांधून काढलं, तेच मोरील म्हातारपणी सरकारने कमीत कमी कामं करावीत असा प्रचार करत. १९५८ मध्ये त्यासाठी त्यांनी एक संघटनाही काढली. सगळ्यांना ते पटत नसे.

युद्ध संपल्यावर सीबीजची संख्या अगदी थोडी उरली. पण ते संपले नाहीत. १९५० मध्ये कोरियातल्या इंचॉनच्या किनाऱ्यावर त्यांनी तरंगते धक्के टाकले. फिलिपिन्समध्ये डोंगर कापून विमानतळ केला. १९५६-५७ मध्ये तर ते दक्षिण ध्रुवावर पोचले आणि तिथल्या बर्फात संशोधकांसाठी तळ उभा केला. जिथे ना बेट होतं ना बंदर, तिथेही हातोडा गेला.

३० जुलै १९७८ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी बेन मोरील वारले. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन इथल्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांची समाधी आहे. ‘सीबीजचे जनक’ म्हणून आजही त्यांचं नाव घेतात.

आता पुन्हा वेक बेटाकडे बघा. मोरील यांना तिथल्या ९८ कामगारांना वाचवता आलं नाही. पण त्यानंतर ज्यांना दूरच्या बेटावर बांधायला पाठवलं, त्यांच्या अंगावर गणवेश होता, हातात बंदूक होती आणि हुकूम देणारा माणूस त्यांचं काम जाणणारा होता. पुढच्या वेळी घरातली हत्यारांची पेटी उघडाल, तेव्हा त्या शब्दाचा दुसरा अर्थही तुम्हाला आठवेल.

शब्दार्थ

रंधा : लाकूड गुळगुळीत करायचं सुताराचं हत्यार
पटाशी : लाकूड कोरायचं धारदार हत्यार
गवंडी : विटांचं आणि दगडांचं बांधकाम करणारा कारागीर
गोदी : जहाजं बांधायची किंवा दुरुस्त करायची जागा
ठेकेदार : ठरलेल्या पैशात काम पूर्ण करून देणारा, कंत्राटदार
रंगरूट : सैन्यात नुकताच भरती झालेला माणूस
पठ्ठा : धाडसी, हिकमती माणूस (कौतुकाने म्हणतात)
हुद्दा : नोकरीतलं पद
तराफा : पाण्यावर तरंगणारी सपाट होडी
प्रवाळ : समुद्रात तयार होणारं पोवळं

वाचा, बोला, लिहा

१. वेक बेटावरच्या कामगारांना आणि सैनिकांना वेगळे नियम का लागू होते? तीन वाक्यांत सांगा.
२. धावपट्टीवरचे खड्डे लवकर भरण्यासाठी सीबीजनी कोणती युक्ती केली?
३. ‘कालचं पोर’, ‘नजरेत भरणं’, ‘चालतंबोलतं गाव’ : हे शब्दप्रयोग पाठात शोधा आणि प्रत्येकाचं एक नवं वाक्य करा.
४. ३४व्या बटालियनमधल्या सैनिकांनी काम सोडलं नाही, फक्त अन्न सोडलं. त्यांनी असं का केलं असेल? वर्गात चर्चा करा.
५. तुमच्या घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या हाताने काम करणाऱ्या माणसाशी मराठीत बोला. त्यांच्या पाच हत्यारांची मराठी नावं विचारून लिहा.